हिरवा दिवा लागला म्हणजे सूर लागला

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आजपासून रोजनिशी. डायरी बियाण्याच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानाखाली कपाशीबद्दल सल्ला छापलाय, तिकडे लक्ष द्यायचं नाही. उद्देश : संगीताकडे प्रोफेशनल नजरेने बघणे. वय बावन्न म्हणजे काही उशीर झालेला नाही.

निमित्त असं. आज हिलालनानाच्या गोडाउनमध्ये सीझनची पहिली प्रॅक्टिस. हिलालनाना आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक, हळदी-साखरपुड्याचे कार्यक्रम तोच धरतो. दुसऱ्याच गाण्यात त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला, "रोहिदास, तुनी गिटार उतरी जायेल शे." मी सांगितलं, नाना, थंडी पडायला लागली, तार आकसते. त्यावर ढोलकीवाला म्हणाला, आकसली तर चढेल, उतरेल कशी? ढोलकीवाल्याने सायन्स सांगू नये.

निर्णय : ट्यूनर घ्यायचा. तार छेडली की मशीन सूर ओळखतं. कमीजास्त असेल तर लाल दिवा, बरोबर असेल तर हिरवा. विषय संपला.

आतापर्यंत घेतला नाही कारण गरज नव्हती. मोनाली होती. ती सहा वर्षांची असल्यापासून मी खुंटी पिरगळायची आणि तिने ओट्यावर बसून सांगायचं : चढवा, अजून चढवा, बस. तिचं "बस" कधी चुकलं नाही. आता तिचं लग्न ठरलंय, पाच डिसेंबरला. धुळ्याला जाईल. त्याचा आणि ट्यूनरचा काही संबंध नाही, नोंद असावी म्हणून लिहिलं.

प्रश्न एवढाच : पेडल की रॅक?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

अभ्यास. मोबाइलवर बरेच व्हिडिओ बघितले.

पेडल म्हणजे साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी. पायाशी ठेवायची, पायाने दाबायची. रॅक म्हणजे जुन्या टेपरेकॉर्डरसारखी आडवी पेटी, लोखंडी चौकटीत स्क्रूने बसवायची, समोर दिव्यांची अख्खी रांग. पेडलवाले म्हणतात रॅक म्हणजे हमाली. रॅकवाले म्हणतात पेडल म्हणजे पोरखेळ. दोघांचंही म्हणणं पटतं.

व्हिडिओतली माणसं फार पुटपुटतात. आवाज फुल केला तरी पुटपुटतात. शेजाऱ्यांनी भिंत थोपटली तेव्हा ललिता बाहेर आली, मोबाइल काढून घेतला आणि म्हणाली, "पह्यले तुम्हना कान दखाडी या. गिटारले काही व्हयेल नही." माझी बायको पिंपळनेरची आहे. मनात आलं की तोंडात आलं.

कान उत्तम आहेत. तीस वर्षं दालमिलमध्ये पॉलिशर मशीनपाशी उभा आहे, तिथे मला प्रत्येकाचं बोलणं ऐकू येतं. तिथे सगळे ओरडूनच बोलतात, ही वेगळी गोष्ट.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्रत्यक्ष चाचणी. पेडलच्या जागी साबणाची डबी पायाशी ठेवून गिटार गळ्यात घेतली. खाली बघितलं. गिटार दिसली. गिटारच्या खाली पोट. पोटाच्या खाली काही दिसलं नाही. चष्मा लावून बघितलं, तरी पोट मध्ये होतंच.

रॅकच्या जागी तांदळाचा डबा फ्रिजवर ठेवला. डोळ्यासमोर, स्पष्ट, रुबाबदार. उभ्या उभ्या चार गाणी वाजवली. ललिताने विचारलं, "आठे तांदूयना डबा कोन ठेवा?" मी वाजवत राहिलो, कारण डबा हा आत्ता डबा नव्हता.

निष्कर्ष : रॅक. दिवे कायम चालू, वाजवता वाजवता बघता येतं. मोठे कलाकार रॅकच वापरतात. त्यांच्यामागे पेट्या उचलायला माणसं असतात, पण माझ्याकडे हसीब आहे. युसूफभाईचा मुलगा, आमचं साउंड तो बघतो. चाळिशीला आलाय, पाठ दुखते म्हणतो. सवय होईल.

रविवार, ९ नोव्हेंबर

मोनालीने कानाच्या डॉक्टरकडे माझा नंबर लावून ठेवला. तेरा तारीख, सकाळी अकरा. मला न विचारता. लग्न तिचं, पत्रिका तिची, ब्लाउजचं माप द्यायला तिने जायचं, आणि वेळ काढते माझ्या कानांसाठी. मी म्हटलं, जाईन. वाद घालायचा नाही असं ठरवलंय. पोरगी पाहुणी आहे.

पाहुणी हा शब्द लिहिला आणि नजर खाली गेली. पानाखाली लिहिलंय, बोंडअळीकडे वेळीच लक्ष द्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

डॉक्टरकडे जाता आलं नाही. नाइलाज होता. धुळ्यात एक साउंडवाला धंदा बंद करतोय, त्याच्याकडे सेकंडहँड रॅक ट्यूनर आहे असं काल कळलं. अशा वस्तू वाट बघत नाहीत. कान कुठे पळून जात नाहीत.

सकाळच्या एसटीने गेलो. पेटी मिळाली. अपेक्षेपेक्षा जड. काच एका कोपऱ्यात तडकलेली, पण दिवे सगळे लागतात. त्या माणसाने जाताना विचारलं, आजकाल हे कोण वापरतं? म्हणजे दुर्मिळ आहे.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून देवपुरात चक्कर मारली. व्याह्यांचं घर तिथेच आहे. आत गेलो नाही. हातात पेटी, बरं दिसलं नसतं. समोरच्या टपरीवर चहा घेतला. गॅलरीत कपडे वाळत होते. तिथे महिनाभराने तिचे पंजाबी ड्रेस वाळतील. गॅलरी पश्चिमेची आहे, दुपारी ऊन फार येईल, सांगितलं पाहिजे. दुसरा चहा घेतला.

जळगावपर्यंत पेटी मांडीवर. पारोळ्याला मांडी बधिर झाली.

घरी मोनालीने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? मी सांगितलं, गर्दी होती. तिने पेटीकडे बघितलं आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ऐतिहासिक दिवस. हसीबने गिटारच्या वायरला दोन फाटे काढून दिले. एक अँप्लिफायरला म्हणजे अँपला, एक रॅकला. कोणाच्याही मदतीशिवाय सहा तारा जुळवल्या. सहाही हिरव्या.

मोनालीला हाक मारली. ती कणकेचे हात घेऊन बाहेर आली, नेहमीसारखी ओट्यावर बसली. मी एकेक तार छेडली आणि दिव्याकडे बोट दाखवलं. हिरवा. हिरवा. हिरवा. ती म्हणाली, बरोबर आहे पप्पा. मग जरा वेळ बसून राहिली. मी खुंटीला हात लावत नव्हतो, त्यामुळे तिला सांगण्यासारखं काही नव्हतं. उठून आत गेली.

नंतर तिचे डोळे लाल दिसले. कांदा चिरत असेल. आज भेंडी होती, पण असेल.

रविवार, २३ नोव्हेंबर

काल सावद्याला कार्यक्रम. केळीच्या व्यापाऱ्याच्या मुलाची हळद, मोठा मंडप. रॅक माझ्या उजव्या बाजूला खुर्चीवर ठेवला. लोक वळून वळून बघत होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे दिवे हिरवे.

आणि तरीही सगळा ऑर्केस्ट्रा बेसूर.

कारण मला इंटरव्हलमध्ये सापडलं. आमच्या पार्टीत कीबोर्डवाला, गायक, सगळे युसूफभाईच्या बँजोला मिळवून घेतात. तो बँजो त्याच्या वडिलांचा, आणि त्यांनी तो जिथे लावला तिथेच तो आजही आहे. या पट्टीतही नाही, त्या पट्टीतही नाही, मधेच कुठेतरी. पंचवीस वर्षं मीसुद्धा तिथेच वाजवत होतो. मोनाली बँजो ऐकून ऐकून मला तिथेच आणून बसवायची. मशीनने सत्य उघड केलं.

मी युसूफभाईला शांतपणे सांगितलं की आपण सगळे चुकतोय, सगळ्यांनी माझ्याकडे यावं. तो आमच्या मेहरूण भागातला माझा सगळ्यात जुना दोस्त, रागावला नाही, हसला. म्हणाला, "रोहिदासभाई, अब्बा के जमाने से ये इधरिच है. सब इधर आते, तुम भी आ जाओ ना." तत्त्वाचा प्रश्न होता. गेलो नाही.

दुसऱ्या भागात हसीबने मिक्सरवर माझ्या आवाजाची दांडी खाली ओढली. मी बघितलं. त्याला वाटलं माझं लक्ष नाही. हिलालनाना कानाशी येऊन काहीतरी म्हणाला, गोंगाटात कळलं नाही, मी मान हलवली.

व्यापाऱ्याने प्रेमाने केळीचे दोन घड दिले. परतताना ते टेम्पोत ठेवले. रॅकवर ठेवले. भुसावळपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. आज सकाळपासून एकही दिवा लागत नाही, आणि पेटीतून पिकलेल्या केळीचा वास येतोय.

संध्याकाळी ५. विचारांती मत : रॅक हा लाइव्हसाठी नसतोच. मी सुरुवातीपासून पेडलच्या बाजूचा होतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

हिलालनानाचा फोन आला, ललिताने घेतला. निरोप असा की घरात लग्न आहे, रोहिदासने तोवर आराम करावा. याला म्हणतात माणुसकी. मालक असावा तर असा.

ललिता निरोप सांगून झाल्यावरही तिथेच उभी होती. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, काही नाही. मोठ्याने म्हणाली. हल्ली घरात "काही नाही"सुद्धा मोठ्याने म्हणतात.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

कार्यक्रम नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

कार्यक्रम नाही. (आहे. एरंडोलला. दुपारी टेम्पो आमच्या गल्लीवरूनच गेला. युसूफभाई पुढे बसला होता, त्याने मान दुसरीकडे केली. उन्हामुळे असेल.)

पेडल घेतलं! गावातल्याच दुकानातून. निळ्या रंगाचं, भक्कम, आणि दिवा एवढा मोठा की अंध माणसालाही दिसावा. दुकानदाराने बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. रस्त्यावर वरात चालली होती. सगळं ऐकून घेतलं, म्हणजे मान हलवत राहिलो. समजावण्यासारखं त्यात काय आहे? दाबलं की दिवा लागतो. परत दाबलं की विझतो.

पोटाचा प्रश्नही सोडवला. देवघरातला जुना पाट उभ्या स्टुलावर ठेवायचा, पाटावर पेडल. पायाने नाही, हाताने दाबायचं. असं अमेरिकेत कोणाला सुचलं नसेल.

रॅकची सवय झालीय, त्यामुळे पेडलही कायम चालूच ठेवणार. वाजवता वाजवता हिरवा दिवा दिसला पाहिजे. त्याशिवाय हात उचलत नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

घर पाहुण्यांनी भरलंय. पिंपळनेरहून ललिताचं सगळं माहेर आलंय. अँप लावायला बंदी. कोपऱ्यात बसून नुसता पेडलला जोडून सराव करतो. दिवा हिरवा, म्हणजे सराव चांगला चाललाय.

आज ठरवलेली गोष्ट लिहितो. चार तारखेला हळदीत मी एकटा तिच्यासाठी वाजवणार. गाणं नाही, नुसती चाल, माझीच. तिला नाव नाही. मोनाली लहान असताना उन्हाळ्यात रात्र रात्र लाइट जायची, ती उकाड्याने रडायची. माझी गिटार इलेक्ट्रिक, अँपशिवाय तिचा आवाज हातभरही जात नाही. मी ती मांडीवर घेऊन बसायचो आणि ती गिटारच्या लाकडाला कान लावून आडवी व्हायची. तिला म्हणे आतून ऐकू यायचं. ही चाल वाजवली की झोपायची. बाहेर कोणाला माहीत नाही. युसूफभाईला आहे, तो तेव्हा माझ्या शेजारीच ओट्यावर बसून हातपंख्याने वारा घ्यायचा.

मोनालीला विचारलं. ती म्हणाली, वाजवा ना पप्पा, पण आधी मी तारा जुळवून देते. मी सांगितलं, नवरीने त्या दिवशी कामं करायची नसतात, आणि आता त्याची गरजही नाही. पेडल दाखवलं. तिने अंगठ्याने दिवा पुसला. म्हणाली, छान आहे.

तिने पुन्हा डॉक्टरचा नंबर लावलाय. नऊ डिसेंबर, अकरा वाजता. तेव्हा ती इथे नसेल. म्हणून फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली आणि आईकडून वचन घेतलं. तिच्या समाधानासाठी जाईन म्हटलं.

गुरुवार, ४ डिसेंबर. दुपारी ३

मंडप तयार. हिलालनानाने पार्टी आणलीय, घरचं कार्य म्हणून. हसीबने गिटारची वायर स्वतः तपासली, अँपमधून आवाज आला म्हणाला. मग मी पाट, स्टूल, पेडल मांडलं आणि वायर पेडलमधून घेतली. तारा जुळवल्या. सहाही हिरव्या. दिवा चालूच ठेवलाय.

वरण-बट्टीचा वास सुटलाय पण खाणार नाही. आधी वाजवणार.

शनिवार, ६ डिसेंबर. सकाळी १०

पाहुणे गेले. घर रिकामं. दोन दिवसांचं एकदम लिहितो.

हळद : संपूर्ण यश. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम कार्यक्रम. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत हिरवा दिवा. कोणी हात वर केला नाही, कोणी थांबवलं नाही. हिलालनाना, जो माझ्या प्रत्येक गाण्यात कपाळाला आठी घालतो, तो डोळे मिटून बसला होता. बायका गप्प झाल्या. पिंपळनेरच्या बायका गप्प होतात हे मी प्रथमच बघितलं.

दोन गोष्टी खटकल्या. एक, युसूफभाईने मधेच तीच चाल बँजोवर धरली. न विचारता. मी एकटा वाजवणार हे त्याला माहीत होतं. मी त्याच्याकडे रोखून बघितलं, त्याने मान वर केली नाही. दुसरी, हसीब. तो दोनदा माझ्याकडे धावत आला आणि पेडलकडे हात करून काहीतरी सांगायला लागला. त्याला दिव्याचं कौतुक आहे हे ठाऊक आहे, पण ही वेळ होती का? मी मानेने नको म्हटलं. तिसऱ्यांदा येत होता तेव्हा मोनालीने हळदीच्या पाटावरूनच हात करून त्याला बसवलं. शहाणी पोर.

मग ती उठली. तोंड, हात, मान, सगळी हळदीने पिवळी. बायका नको नको म्हणत होत्या. सरळ माझ्याकडे आली, माझ्या खुर्चीपाशी खाली बसली आणि गिटारच्या लाकडाला कान लावला. लहानपणी लावायची तसा. चाल संपेपर्यंत तशीच होती. फोटोग्राफरला चांगला फोटो मिळाला. सगळी माणसं रडत होती. मी नाही, माझं लक्ष दिव्याकडे होतं.

गिटारवर हळदीचा डाग पडलाय, कानाचा आणि गालाचा. पुसायला घेतला आणि ठेवून दिला.

लग्न काल व्यवस्थित झालं. निघताना गाडीपाशी ती माझ्या गळ्यात पडली आणि कानाशी काहीतरी म्हणाली. मागे बँड वाजत होता. मी मान हलवली. तेवढ्यात गाडीचं दार लागलं.

गॅलरीतल्या उन्हाचं सांगायचं राहिलं.

रविवार, ७ डिसेंबर

हळदीचा व्हिडिओ जावयाने, नवीनने, पाठवला. टीव्हीला जोडून बघितला. आवाज फुल. ललिता दाराशी उभी.

टीव्हीवर मी वाजवतोय. बोटं चालताहेत. बँजो ऐकू येतो, अगदी मंद पण येतो. गिटार येत नाही. रिमोटची बॅटरी बदलली. पुन्हा बघितला. बँजोच.

हसीबने काहीतरी गोंधळ घातला हे उघड आहे. मुलीच्या हळदीत बापाची गिटार बंद ठेवली. युसूफभाईशी पंचवीस वर्षांची दोस्ती. उद्या बोलावून जाब विचारणार. काय बोलायचं ते मागच्या पानावर लिहून ठेवलंय, म्हणजे रागात विसरायला नको.

सोमवार, ८ डिसेंबर

हसीब आला. मी मागच्या पानावरचं सगळं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तो उठला, माझा अँप कोपऱ्यातून ओढून काढला, गिटार पेडलला आणि पेडल अँपला जोडलं. माझा उजवा हात धरून अँपच्या जाळीवर ठेवला. मग पेडल दाबलं. हिरवा दिवा लागला. त्याने जोरात तार छेडली.

हाताला काही लागलं नाही.

पेडल पुन्हा दाबलं. दिवा विझला. तार छेडली. जाळी थरथरली.

त्याने तीनदा करून दाखवलं. दिवा लागला की आवाज बंद. दिवा विझला की आवाज सुरू. स्टेजवर तारा जुळवताना लोकांना कुईकुई ऐकू जाऊ नये म्हणून पेडल तसंच बनवलेलं असतं. दुकानदाराने हेच सांगितलं असणार.

हसीब माझ्या कानाशी वाकून, अक्षर अक्षर सुटं करून म्हणाला, "चाचा, मैं बताने आया था. मोनाली ने रोका." तिने हात करून त्याला बसवलं ते त्यासाठी. आणि त्याच्या अब्बांनी लगेच ती चाल उचलली, म्हणजे मंडपाला काही कळणार नाही.

म्हणजे आयुष्यातला माझा सर्वोत्तम कार्यक्रम युसूफभाईने वाजवला. आणि मी त्याच्यावर डोळे वटारले.

हसीब चहा न घेता गेला. मी जाळीवर हात ठेवून बसलो होतो. तो गेल्यावरही बराच वेळ.

मंगळवार, ९ डिसेंबर. सकाळी ९

ललिताला विचारलं, गाडीपाशी मोनाली माझ्या कानाशी काय म्हणाली होती? तू शेजारीच होतीस. ललिता सांगायला लागली. मला कळलं नाही. मी म्हटलं, पुन्हा सांग. तिने माझा कान दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने सांगितलं. "'माले आयकू उनं पप्पा', इतलंच म्हने ती."

मला ऐकू आलं, पप्पा.

सगळ्या मंडपात एकटीला. लाकडाला कान लावून.

मी रडलो. ललितासमोरच. ती फ्रिजवरची चिठ्ठी काढून घेऊन आली.

नंतर गिटार घेतली. पेडल नाही, अँप नाही. त्या पिवळ्या डागावर कान ठेवला आणि एकेक तार छेडली. आतून येतं. खरंच येतं. लांबून, पण येतं. मला एक तार उतरलेली वाटली, दुसरी असावी. खुंटी हातात घेतली. चढवली. अजून चढवली. अजून चढवली. बस कोणी म्हणालं नाही. तार तुटली.

अंगठ्याला थोडं लागलं. ललिता रिक्षा आणायला गेलीय. कानाच्या डॉक्टरकडे अकराचा नंबर आहे.